गॅस-विजेचा हप्ता कंपनीनं वाढवला तर काय करायचं? ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वीज-गॅस कंपनीची मेल आली. ‘तुमच्या डायरेक्ट डेबिटचा आम्ही आढावा घेतला’ अशी गोड सुरुवात, आणि खाली आकडा : महिन्याला १६३ पौंड जायचे ते १ नोव्हेंबरपासून २१४. बायको म्हणाली, भाव वाढले असतील. ऑफिसातला मित्र म्हणाला, बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट बंद करून टाक, मग बघ कसे फोन करतात. दोघांचंही चुकत होतं. खरं कारण जिन्याखालच्या कपाटात आणि घराबाहेरच्या गॅसच्या पेटीत होतं, आणि ते सापडायला मला अर्धा तास लागला.

हे लिहितोय ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांसाठी. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये नियामक वेगळा आहे, प्राइस कॅप (दरावरची नियामकानं घातलेली कमाल मर्यादा) नाही आणि तक्रारही कन्झ्युमर कौन्सिलकडे जाते. तिथल्यांना यातला हिशोबाचा भाग चालेल, कायद्याचा नाही.

हप्ता म्हणजे भाव नव्हे

आपल्याकडे महावितरणचा माणूस आधी रीडिंग घेऊन जातो, मग बिल येतं, मग आपण भरतो. त्यामुळे बिल वाढलं की आपण दोनच शक्यता धरतो : भाव तरी वाढला किंवा वापर तरी. इथल्या डायरेक्ट डेबिटचं तसं नाही. कंपनी अंदाज बांधते की हे घर वर्षभरात इतकी वीज आणि इतका गॅस जाळेल. त्याला दरानं गुणते, बारानं भागते, आणि तो आकडा दर महिन्याला तुमच्या खात्यातून उचलते. उन्हाळ्यात तुम्ही वापरापेक्षा जास्त देता, ती रक्कम कंपनीकडे जमा राहते. हिवाळ्यात वापर हप्त्याच्या वर जातो तेव्हा त्या जमेतून वळती होते. गावच्या वाण्याकडे आगाऊ पैसे ठेवून महिनाभर त्यातून माल न्यावा, तसा प्रकार. फरक इतकाच की आगाऊ किती ठेवायचे हे इथं वाणीच ठरवतो.

त्यामुळे हप्ता वाढायची कारणं चार : दर वाढला, वापर वाढला, जुनी बाकी वसूल करायची आहे, किंवा कंपनीचा अंदाजच चुकला. चारही कारणं त्या एका आकड्यात मिसळून येतात. तुमचं काम एवढंच की ती सुटी करायची.

प्राइस कॅपबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की तो इथंच काढतो. ऑफजेम ही नियामक संस्था १ जानेवारी २०१९ पासून ही कमाल मर्यादा ठरवते, आणि आता ती दर तीन महिन्यांनी बदलते : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. बातम्यांमध्ये ‘कॅप १,७५५ पौंड’ असं येतं (हा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चा आकडा). ती तुमच्या बिलाची कमाल मर्यादा नव्हे. वर्षाला २,७०० युनिट (बिलावर kWh लिहितात ते) वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणारं एक सर्वसाधारण घर धरून काढलेला तो आकडा आहे. मर्यादा असते ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो वा नसो, रोज लागणारा ठरावीक आकार). तुम्ही जास्त जाळलंत तर जास्त द्याल.

आणि ज्यांनी फिक्स्ड टॅरिफ घेतलंय ते विचारतात, ‘आमचा दर तर बांधलेला, मग हप्ता कसा वाढला?’ बांधलेला असतो दर. हप्ता कुणीच बांधून दिलेला नसतो.

मेल आल्या आल्या

तारीख बघा. डायरेक्ट डेबिट गॅरंटीनुसार रक्कम किंवा तारीख बदलायची तर तुम्हाला आधी कळवावं लागतं, साधारणपणे कामाचे १० दिवस आधी. म्हणजे पुढचा हप्ता जायच्या आत हालचाल करायला तुमच्याकडे दीड-दोन आठवडे असतात. मेल ‘नंतर वाचू’ म्हणून तारा लावून ठेवली की ती मुदत तशीच सरते.

बँकेतून डायरेक्ट डेबिट रद्द करू नका. हक्क तुमचा आहे, कधीही करता येतं, पण त्यानं काही सुटत नाही. वापर चालूच असतो, बाकी साचत जाते. शिवाय बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांसाठी कॅपमधले दर डायरेक्ट डेबिटवाल्यांपेक्षा जास्त आहेत, आणि थकबाकीची नोंद क्रेडिट रिपोर्टवर गेली तर पुढे मॉर्गेजच्या वेळी ती डोकं वर काढते. नव्यानं आलेल्या माणसाची क्रेडिट हिस्टरी आधीच नाजूक असते, तिला हा धक्का कशाला?

न कळवता किंवा चुकीची रक्कम उचलली गेली असेल तर मात्र बँकेकडे जा. गॅरंटीनुसार बँकेला ती रक्कम पूर्ण आणि लगेच परत करावी लागते. पण वापराचे पैसे तरीही देणं लागतातच, हे लक्षात ठेवून.

मीटरपाशी

मी आधी विजेचा मीटर बघितला. तो जिन्याखालच्या कपाटात, हूव्हरच्या आणि दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यामागे. गॅसचा मीटर बाहेरच्या भिंतीतल्या पांढऱ्या पेटीत. ती पेटी तिकोनी चावीनं उघडते. घर घेताना ती चावी हाती आली नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन पौंडांत मिळते.

विजेच्या मीटरवरचे काळे आकडे घ्या, लाल किंवा दशांशानंतरचे सोडा. रात्रीचा स्वस्त दर असणारं टॅरिफ असेल तर दोन रीडिंग असतात, दोन्ही घ्या. गॅसच्या मीटरवर एकक कोणतं आहे ते आवर्जून बघा. नव्या मीटरवर घनमीटर असतं, जुन्यांवर घनफूट. जुन्या मीटरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कंपनीच्या नोंदीत घनमीटरचा मीटर चुकून घनफुटांचा लागला असेल तर तुमचं गॅसचं बिल पावणेतीन पटींहून जास्त येतं, आणि आपण बिचारे थर्मोस्टॅट खाली करत बसतो. बिलावर एकक छापलेलं असतं, मीटरशी ताडून पाहा.

दोन्हींचा फोटो काढा, मीटरचा क्रमांक दिसेल असा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतोय का तेही बघा. शेजारच्या फ्लॅटचा मीटर आपल्या नावावर असणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

‘आमच्याकडे स्मार्ट मीटर आहे, रीडिंग आपोआप जातं’ असं मीही म्हणायचो. स्मार्ट मीटर मुका होतो. सिग्नल तुटतो, कंपनी बदलताना जोडणी जाते, आणि स्वयंपाकघरातला तो छोटा डिस्प्ले मात्र झगमगत असतो, त्यामुळे संशय येत नाही. मीटर बोलतोय की नाही ते बिलावरून कळतं. रीडिंगच्या शेजारी बहुतेक कंपन्या लिहितात : प्रत्यक्ष, ग्राहकानं दिलेलं, की अंदाजे. माझ्या बिलांवर फेब्रुवारीपासून गॅसच्या रकान्यात ‘अंदाजे’ होतं. आठ महिने मी ते न बघता बिलं फोल्डरमध्ये टाकत होतो.

बिलावर गॅसचं रीडिंग होतं ७,८४६. मीटरवर होतं ७,४८६.

३६० घनमीटर गॅस मी न जाळता माझ्या नावावर लागला होता. घनमीटरचं युनिट कसं करायचं? १.०२२६४ नं गुणा, मग उष्मांकानं गुणा (तो बिलावर calorific value म्हणून असतो, साधारण ३९.५ च्या आसपास), मग ३.६ नं भागा. घाईच्या हिशोबाला एक घनमीटर म्हणजे ११.२ युनिट धरलं तरी पुरतं. ३६० घनमीटरचे झाले चार हजारांवर युनिट. युनिटला ६.३ पेन्सनं सुमारे २५४ पौंड. कंपनीच्या मते माझ्याकडे २०६ पौंड बाकी होती. प्रत्यक्षात माझेच ४८ पौंड तिच्याकडे जमा होते.

रीडिंग त्याच दिवशी कंपनीच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर टाका. बऱ्याचदा दुरुस्त बिल निघून हप्ता तिथंच खाली येतो आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

वर्षाचा वापर स्वतः काढा

माझं तिथं सुटलं नाही. बाकी पुसली गेली तरी नवा हप्ता १९७ वर अडला. कारण कंपनीनं माझा वर्षाचा गॅसचा अंदाज धरला होता १९,६०० युनिट. हा आकडा आला कुठून? गॅसचा वार्षिक वापर हा माणसाला नाही, मीटरला चिकटलेला असतो. आधीचे लोक दिवसभर हीटिंग लावून बसत असतील तर त्यांचा इतिहास तुमच्या खात्यात वारसाहक्कानं येतो, आणि तुमची खरी रीडिंग साचेपर्यंत तोच चालतो. आमचे आधीचे मालक म्हणजे निवृत्त जोडपं, चोवीस तास घरात. आम्ही दोघं सकाळी बाहेर, मुलगी शाळेत.

वाचलो ते एका फोटोमुळे. ऑक्टोबरमध्ये घराच्या किल्ल्या घेतल्या त्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढले होते. गॅस तेव्हा ६,३७९. आता ७,४८६. फरक १,१०७ घनमीटर, म्हणजे साधारण १२,४०० युनिट. वीज ४१,२०८ वरून ४४,३०८, म्हणजे ३,१०० युनिट. जवळजवळ बरोबर वर्ष झालं होतं, त्यामुळे पुढचा हिशोब सोपा होता. दर मी ऑक्टोबर २०२५ च्या कॅपच्या आसपासचे, गोळाबेरीज करून घेतले. त्यात ५ टक्के व्हॅट धरलेला आहे :

वीज : ३,१०० युनिट × २६ पेन्स = ८०६ पौंड
विजेचा स्टँडिंग चार्ज : ३६५ दिवस × ५४ पेन्स = १९७ पौंड
गॅस : १२,४०० युनिट × ६.३ पेन्स = ७८१ पौंड
गॅसचा स्टँडिंग चार्ज : ३६५ दिवस × ३४ पेन्स = १२४ पौंड

एकूण १,९०८ पौंड. बारानं भागले की महिन्याला १५९. माझा जुना १६३ चा हप्ता पुरून उरत होता. तुमचे दर तुमच्या बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडतील, प्रदेशागणिक आणि टॅरिफगणिक ते वेगळे असतात.

तुमच्याकडे वर्षाची रीडिंग नसतील तर? सहा महिन्यांच्या वापराची दुप्पट करू नका, हीच चूक सगळे करतात. ऑक्टोबर ते मार्चच्या गॅसची दुप्पट केलीत तर वर्षाचा वापर भलताच फुगतो, एप्रिल ते सप्टेंबरची केलीत तर हास्यास्पद खाली जातो. जुन्या कंपनीची बिलं असतील तर ती काढा. काहीच नसेल तर ऑफजेमचं सर्वसाधारण घर (२,७०० आणि ११,५००) आधाराला घ्या. एक-दोन माणसांचा फ्लॅट असेल तर त्याच्या बराच खाली धरा, आणि दर महिन्याला रीडिंग देत राहा.

हिवाळ्याचा हिशोब

इथं कंपनीची बाजूही सांगायला हवी, कारण फोनवर ती ऐकवतातच आणि ती अगदीच खोटी नसते.

आमच्या घरी जानेवारीत गॅस साधारण २,२०० युनिट आणि वीज ३०० जाते. स्टँडिंग चार्ज धरून २४४ पौंड. जुलैत गॅस २५० (अंघोळ आणि स्वयंपाक), वीज २२०, मिळून १०० पौंड. १६३ च्या हप्त्यात जानेवारी ८१ पौंडांनी तोट्यात जातो, जुलै ६३ पौंडांनी फायद्यात. म्हणून खात्यातली जमा वर्षभर चढ-उतार करत असते : सप्टेंबरअखेर सर्वांत जास्त, मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत कमी.

यावरून आपली स्थिती ताडायची. सप्टेंबरमध्ये दोन-अडीच महिन्यांच्या हप्त्याइतकी जमा असेल तर ती हिवाळ्याची बेगमी आहे, ‘माझे पैसे दाबून ठेवलेत’ म्हणून भांडू नका. एप्रिलमध्ये तेवढीच जमा दिसली तर मात्र तुम्ही जास्त भरताय. एप्रिलमध्ये थोडी बाकी दिसली आणि हप्ता बरोबर असला तर उन्हाळा ती आपोआप फेडतो, कंपनीनं घाईनं हप्ता वाढवायची गरज नसते. सप्टेंबरमध्येच बाकी असेल तर हप्ता खरोखर कमी पडतोय, आणि वाढ मान्य करणंच शहाणपणाचं.

माझी अडचण इथं होती. नवं खातं ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर सुरू झालं, त्यामुळे बेगमी कधी साचलीच नव्हती. ४८ पौंडांवर दुसऱ्या हिवाळ्यात शिरणं म्हणजे फेब्रुवारीत दोन-तीनशे पौंडांची बाकी ठरलेलीच. वर्षाच्या शेवटी हिशोब बरोबर बसला असता, पण मधल्या काळात कंपनी बिथरली असती. म्हणून फोनवर मी १६३ ला चिकटून न राहता १७० ला हो म्हटलं. हट्टापेक्षा ते बरं.

वापर खरोखर वाढणार असेल तर तोही प्रामाणिकपणे धरा. आई-बाबा भारतातून हिवाळ्यात राहायला आले की घर दिवसभर तापवावं लागतं, रात्री इलेक्ट्रिक ब्लँकेट, दुपारी गरम पाण्याची पिशवी, चहा किती वेळा ते विचारूच नका. इलेक्ट्रिक गाडी घेतलीत आणि ती घरीच चार्ज करताय, तर विजेचा जुना अंदाज विसरा. उलट तुम्ही डिसेंबरात पाच आठवडे भारतात असाल तर गॅस वाचेल, स्टँडिंग चार्ज वाचणार नाही, आणि हप्ताही थांबणार नाही. जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका मात्र, पाइप गोठून फुटले तर वाचलेल्या गॅसच्या कित्येक पट खर्च येतो.

कंपनीशी बोलताना

आधी ॲप उघडून बघा. बऱ्याच कंपन्या ठरावीक मर्यादेत हप्ता स्वतः कमी-जास्त करू देतात. नाही जमलं तर चॅट किंवा मेल, आणि फोन केलात तर बोलणं झाल्यावर दोन ओळींची मेल टाकून ते कागदावर आणा.

‘इतके वाढवलेत, परवडत नाही’ एवढंच म्हटलं तर समोरचा माणूस सहानुभूती दाखवतो आणि हप्ता तसाच राहतो. आकडे द्या. माझी मेल साधारण अशी होती : अमुक तारखेचं माझं गॅसचं आणि विजेचं रीडिंग हे, फोटो जोडलेत. ताबा घेतला त्या दिवसाचं रीडिंग हे. यावरून वर्षाचा वापर इतका. माझ्या टॅरिफनं वर्षाचा खर्च इतका, महिन्याला १५९. तुम्ही २१४ मागितलेत. तुम्ही वर्षाचा वापर किती धरलात, दर कोणते, आणि बाकीच्या वसुलीसाठी त्यात किती, हे वेगवेगळं कळवा.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पुरवठा कंपन्यांच्या परवान्यातल्या २७ व्या अटीत तीन गोष्टी आहेत : हप्ता कसा ठरवला हे साध्या, समजेल अशा भाषेत सांगणं, तो उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर बेतणं, आणि खात्यात जमा असलेली रक्कम ग्राहकानं मागितली तर ती वेळेत परत करणं, नाहीतर न देण्याचं रास्त कारण असणं. मेलमध्ये ‘परवान्यातली २७ वी अट’ हे शब्द घातले की उत्तर लिहिणाऱ्या माणसाचा हुद्दा बदलतो, हा माझा अनुभव.

जमा परत मागायची असेल तर एप्रिल-मे ही वेळ. रीडिंग द्या, ताजं बिल निघू द्या, मग मागा. सगळी मागू नका, महिन्या-दोन महिन्यांची ठेवा, नाहीतर पुढच्याच आढाव्यात हप्ता वर जातो. कंपनी बुडाली तर जमा बुडेल ही भीती घरगुती ग्राहकांनी बाळगायचं कारण नाही. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि एकापाठोपाठ एक पुरवठादार बंद पडले, तेव्हा ऑफजेमनं ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले आणि जमा रकमा सुरक्षित राहिल्या.

हप्त्याचं हे गणितच नको असेल तर जेवढा वापर तेवढंच बिल दर महिन्याला डायरेक्ट डेबिटनं कापायची सोय काही कंपन्या देतात. मला ती आवडते, पण जानेवारीचे २४४ पौंड एकदम जाताना खात्यात असायला हवेत. भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच उत्तम, कारण घर सोडताना जमा कुणाची किती यावरून मैत्री तुटत नाही.

ऐकलंच नाही तर

कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीची पद्धत दिलेली असते. मेलच्या विषयात ‘औपचारिक तक्रार’ असं इंग्रजीत स्पष्ट लिहा, आणि तारीख टिपून ठेवा. नुसती विचारपूस आणि तक्रार यांत फरक आहे, घड्याळ तक्रारीपासून सुरू होतं. मध्ये सल्ला हवा असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस, स्कॉटलंडमध्ये ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड, दोन्ही फुकट.

८ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच कंपनीनं ‘आमचं हेच अंतिम म्हणणं’ असं पत्र दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं. ग्राहकाला काही पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. मीटरचे फोटो, बिलं आणि तुमचा हिशोब जोडायचा. निर्णय तुम्हाला पटला आणि तुम्ही स्वीकारलात तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम पत्रानंतर १२ महिन्यांच्या आत जायला हवं.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर २०२२ आठवा. १ एप्रिलला कॅप १,२७७ वरून १,९७१ पौंडांवर गेला, म्हणजे ५४ टक्के वाढ. ऑफजेमनं त्या काळातले हप्ते तपासले तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल दरम्यान बदलत्या दराच्या टॅरिफवरचे हप्ते सरासरी ६२ टक्क्यांनी वाढलेले निघाले, आणि ५ लाखांहून अधिक घरांचे दुपटीच्याही वर. दर ५४ टक्क्यांनी चढले असताना हप्ता दुप्पट झाला असेल तर कंपनीकडे त्याचं कारण असायला हवं, आणि ते विचारायलाच हवं होतं. ऑफजेमनं कंपन्यांना अशा वाढी पुन्हा तपासायला लावल्या. ज्यांनी स्वतः विचारलं त्यांचं अर्थातच आधी झालं.

अजून एक नियम खिशात ठेवा. १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचं बिल कंपनीनं तिच्याच चुकीनं वेळेत लावलं नसेल, तर ते आता वसूल करता येत नाही. दोन वर्षांच्या अंदाजे बिलांनंतर अचानक हजार पौंडांची बाकी निघाली आणि ती हप्त्यात घातली, तर आधी हे तपासा.

आकडा बरोबर आहे, पण पैसेच नाहीत

नोकरी गेली, आजारपण आलं, असं होतं. तेव्हाही गप्प राहू नका. ग्राहकाची ऐपत बघून परतफेडीचा हप्ता ठरवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. महिन्याचं उत्पन्न आणि खर्च एका कागदावर मांडून फोन करा आणि झेपेल तो आकडा तुम्हीच सुचवा. घरात लहान बाळ, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर (जास्त काळजीची गरज असलेल्या ग्राहकांची कंपनीकडची यादी) नाव घाला, त्याला पैसे पडत नाहीत. व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असलेल्यांनी अनुदानासाठी अर्ज करण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी तपासून घ्या. कंपनीशी हप्ता ठरवून घेण्याचा मात्र व्हिसाशी काही संबंध नाही.

कायमचं भारतात परतताना

हा भाग नेहमीच्या इंग्रजी मार्गदर्शकांत नसतो, आणि आपल्या लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथंच अडकतात. घर सोडायची तारीख कंपनीला आधी कळवा. अंतिम बिल सहा आठवड्यांत आणि जमा रक्कम त्यानंतर कामाच्या १० दिवसांत मिळायला हवी. म्हणजे घर सोडल्यापासून जवळपास दोन महिने. तोवर बँकेचं इथलं खातं बंद करू नका, आणि मोबाइल नंबर गेला तरी चालेल असा ईमेल कंपनीकडे द्या. माझ्या एका मित्रानं हीथ्रोला जायच्या आदल्या दिवशी खातं बंद केलं. १८० पौंडांचा चेक त्याच्या जुन्या पत्त्यावर आला, नव्या भाडेकरूनं तो ‘पाठवणाऱ्याला परत’ म्हणून पोस्टात टाकला, आणि पुढचे पाच महिने हा पुण्याहून रात्री साडेनऊला इथल्या कॉल सेंटरचं संगीत ऐकत बसायचा. आणि मीटरचा शेवटचा फोटो सामान हलवलं त्या दिवशीचा नको, किल्ल्या परत केल्या त्या दिवशीचा हवा.